आमच्या घरचं लॅटिन

आमच्या घरात लॅटिन आलं जूनमध्ये आणि चिकुनगुन्या आला ऑक्टोबरमध्ये. दोन्हींनी आधी सांधे धरले. फरक एवढाच, की चिकुनगुन्याला मी मुद्दाम बोलावलं नव्हतं.

मी बारा वर्षं शाळेत शिकवलं. इतिहास-भूगोल, एका वर्गात सत्तर मुलं आणि दीड पंखा (अर्धा म्हणजे नुसताच आवाज करणारा). त्यामुळे आपल्या मुलांना घरीच शिकवायचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं, तेव्हा मला अडवायला कुणाजवळ मुद्दाच नव्हता. नोकरी सोडली. सोसायटीत, चर्चमध्ये, माहेरी, सगळीकडे सांगून टाकलं. खूळही साधंसुधं नव्हतं. अभिजात कॅथलिक गृहशिक्षण! जुन्या मठांमधून शिकवायचे तसं. आधी व्याकरण घोकायचं, मग तर्काने वाद घालायचा, मग वक्तृत्व. आणि सगळ्याच्या खाली लॅटिनचा पाया.

ही कल्पना मी इंटरनेटवर एका परदेशी बाईंच्या पानावर वाचली. बाईंना आठ मुलं. खिडकीबाहेर बर्फ, आत शेकोटी. मुलं लॅटिनमध्ये जेवणाआधीची प्रार्थना म्हणत, आणि जेवण झालं की आपापली भांडी घासून ठेवत. खरं सांगते, मी भुलले ती भांड्यांना.

"अगं," आमचे हे म्हणाले, "आपली दोन मुलं मराठीत सांगितलेलं ऐकत नाहीत."

"म्हणूनच तर लॅटिन!"

यांचं नाव आंतोन. खडकीच्या कारखान्यात तीन पाळ्यांत नोकरी, आणि घरात एकच धोरण: बायकोचं खूळ आपोआप उतरेपर्यंत वाट बघायची. यापूर्वी माझं टेरेसवरचं गांडूळखत आणि घरचा साबण या धोरणानेच संपले होते.

लॅटिनच्या व्याकरणासाठी मी बुधवार पेठेत जुन्या पुस्तकांच्या दुकानात गेले. मालक वर्तमानपत्र वाचत होते.

"लॅटिनचं व्याकरण आहे का हो?"

"कोणाला हवंय?" मान वर नाही.

"मुलांना."

"मुलांनी मागितलंय?"

"नाही, पण..."

"मग मुलांना नकोय. तुम्हाला हवंय. नीट सांगावं." आणि त्यांनी बसल्या जागेवरून, न बघता, मागच्या फळीवरून एक पिवळं पुस्तक काढून माझ्यापुढे टाकलं. (या गृहस्थांचं बोलणं मी तेव्हा उद्धटपणा समजले. ती भविष्यवाणी होती, हे कळायला एप्रिल उजाडावा लागला.)

मग वेळापत्रक. परदेशी बाईंचा सल्ला असा, की अभ्यास चर्चच्या वर्षाप्रमाणे चालावा, म्हणजे घरालाही ऋतू येतात. मी कार्डशीट आणून चार रंगांची वेळापत्रकं केली. नाताळच्या आधीच्या आगमनकाळाला जांभळं, नाताळ आणि ईस्टरला पांढरं, ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळाला पुन्हा जांभळं, मोठ्या सणांना लाल, आणि उरलेल्या साध्या दिवसांना हिरवं. भिंत इतकी सुरेख दिसायला लागली, की तीन दिवस आम्ही अभ्यास न करता तिच्याकडेच बघत बसलो.

चौथ्या दिवशी लक्षात आलं, की आमच्या घरात चर्चच्या वर्षाआधी कारखान्याचं वर्ष चालतं. यांची पहिली पाळी असली, की पाचला कुकरची शिट्टी. दुसरी असली, की दुपारपर्यंत हे घरातच आणि टीव्हीसमोर. तिसरी असली, की हे दिवसभर आतल्या खोलीत झोपलेले, आणि घरात सगळी कुजबुज. माझी मुलगी मोनिका अकरा वर्षांची. तिने पहिल्याच आठवड्यात कमरेवर हात ठेवून विचारलं, "आई, आज हिरवा आहे की दुसरी पाळी?"

"दोन्ही."

"म्हणजे मोठ्याने घोकायचं की नाही?"

"हिरवं घोकायचं, पण दुसऱ्या पाळीत बसेल असं!" हे वाक्य मी बारा वर्षं शिकवलेल्या अनुभवाच्या जोरावर बोलले. त्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

तरी लॅटिन सुरू झालं. पुस्तकातला पहिला शब्द 'मेन्सा', म्हणजे टेबल. मराठीला आठ विभक्ती, लॅटिनला सहाच. मला वाटलं, दोन वाचल्या! मेन्सा, टेबल. मेन्साम, टेबलाला. आणि संबोधन: ओ मेन्सा, हे टेबला! माझा मुलगा योहान आठ वर्षांचा. त्याला बाकी काही नाही, पण हे संबोधन मनापासून आवडलं. तो येता-जाता टेबलाला हाक मारायला लागला. वरच्या मजल्यावरच्या वहिनी आपली वाटी न्यायला आल्या, तेव्हा तो जेवणाच्या टेबलासमोर हात पसरून "ओ मेन्सा! ओ मेन्सा!" करत होता. वहिनी वाटी न घेताच परत गेल्या. संध्याकाळी त्यांनी ओळखीच्या एका डॉक्टरांचं नाव व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं.

सप्टेंबरमध्ये सासूबाई आल्या. श्रीरामपूरजवळच्या गावी, अंगणात पाय घसरून मोडला होता. प्लास्टर मांडीपर्यंत. त्यांना हॉलमध्ये दिवाण दिला, म्हणजे शाळेच्या ऐन मध्यावर. सासूबाई चौथी पास. पण सासरे गावोगाव प्रार्थना शिकवत हिंडायचे, त्यामुळे गावात या 'मास्तरीणबाई'. शंभर-दीडशे गीतं तोंडपाठ, पावकी-निमकी-दिडकीचे जुने पाढे तोंडपाठ, आणि कोणाला कसं बोलायचं याबद्दल तर त्या साक्षात ऐरणीवरचा हातोडा. योहान एकदा "फादर आला" म्हणाला.

"आला? फादर काय तुझ्या संगं गोट्या खेळतो व्हय? आले म्हन!"

"फादर आले."

"आता बरं. मान दिला तर जीभ झिजत न्हाई."

आणि ऑक्टोबरमध्ये मी आडवी झाले. परदेशी बाईंच्या वेळापत्रकात त्या महिन्यात 'रंगीत गळलेली पानं गोळा करून वहीत चिकटवा' असं होतं. बाहेर ऑक्टोबरचं ऊन, पान एक गळेना. गळाले होते ते माझे हातपाय. बोटं मिटेनात, मनगट वळेना, सकाळी पलंगावरून उठायला मला बाथरूमपर्यंतच्या प्रवासाची योजना आखावी लागायची. आत मी, बाहेर प्लास्टरमधल्या सासूबाई, आणि मधल्या दारातून ये-जा करणारे दोन विद्यार्थी.

"आई, आजी म्हणते आधी निमकी, मग लॅटिन."

"आजीला सांग, वेळापत्रकात लॅटिन आधी आहे."

दोन मिनिटांनी परत. "आजी म्हणते, वेळापत्रक भिताडाला हाय, तिला न्हाई."

माझी सत्ता गेली ती अशी. पण बाहेरून घोकण्याचा एकसुरी आवाज ऐकू यायचा आणि मी डोळे मिटून देवाचे आभार मानायचे. मठ! अगदी मठच! फेब्रुवारीत मी चालायला लागले, सासूबाईंचं प्लास्टर निघून काठी आली. पण शाळेचं काही त्यांनी परत दिलं नाही. मी हळूच चौकशी केली, तर म्हणाल्या, "तू हाडं सांभाळ. पोरं मी बघते." माझ्याकडे उरलं ते एकच खातं: लॅटिनचे उच्चार मोबाइलवर रेकॉर्ड करून बाहेर पाठवणे. एकाच घरात, एका भिंतीपलीकडे.

मार्चमध्ये यांचं धोरण एकाएकी बदललं. कारण मोनिका. तिला शेजारच्या मुलीने विचारलं, "तू कितवीत आहेस?" आणि मोनिका घरी येऊन म्हणाली, "बाबा, मी कितवीत आहे?" हे माझ्याकडे बघायला लागले. मी भिंतीकडे बघायला लागले. भिंत जांभळी होती. तिच्यावर कितवीचा उल्लेख नव्हता.

"हे बघ," हे म्हणाले, आणि खुर्ची ओढून बसले. (हे खुर्ची ओढून बसले, की घराण्याचे निर्णय होतात.) "तुझे सांधे, आईचा पाय, माझ्या पाळ्या. वर्षभर सगळ्यांचे ऋतू सांभाळले, पोरांचा कोणता सांभाळला? फादरांशी बोललोय. चर्चच्या शाळेत एक जागा सहावीत, एक तिसरीत, ते राखून ठेवतायत. ईस्टरनंतर आपल्या घरी मिस्साची प्रार्थना आहेच, फादर येणारच. त्या दिवशी फादर पोरांना विचारतील. ते म्हणाले चाललंय, तर चालू दे. नाहीतर जूनमध्ये गणवेश."

मला रडायलाच आलं. नोकरी सोडली होती, अख्ख्या गावाला सांगितलं होतं, आणि आता गणवेश घातलेली मुलं घेऊन पुन्हा शाळेच्याच फाटकाशी उभं राहायचं! मोनिका मात्र आतल्या खोलीत जाऊन यांना विचारत होती, "बाबा, गणवेशाचा रंग कोणता?" ते मी ऐकलं. ते जास्त लागलं.

आमचे फादर रोमला शिकून आलेले, सत्तरीचे, काटकुळे. बोलणं मोजकं आणि कोरडं. मी त्यांना गाठून म्हटलं, "फादर, मिस्साच्या सुरुवातीला तुम्ही मुलांना लॅटिनमध्ये अभिवादन कराल का? मुलं उत्तर देतील." माझा डाव असा, की पहिल्याच वाक्याला घर जिंकायचं.

"मुलं देतील?" फादर म्हणाले. "बघू."

अवघं एक वाक्य. फादरांनी म्हणायचं, "दोमिनुस वोबिस्कुम," प्रभू तुमच्याबरोबर असो. मुलांनी म्हणायचं, "एत कुम स्पिरितू तूओ," आणि तुझ्या आत्म्याबरोबरही. मी चौदा वेळा रेकॉर्ड केलं, त्यातलं चांगलं निवडलं, पलीकडे पाठवलं. सासूबाईंनी पोरांना कामाला लावलं. ऐकायला म्हणून मी बाहेर गेले, तर त्या आठवड्यात यांची तिसरी पाळी. हे झोपलेले, सगळी कुजबुज.

"एत कुम स्पिरिऽ... ओ," मुलं कुजबुजली.

"शाब्बास," मी कुजबुजले. "मधलं नीट येतंय ना?"

"मधलं आजीने नीट केलंय," योहान कुजबुजला.

आजीने *नीट केलंय*. देवा, हे शब्द माझ्या कानावरून गेले! बारा वर्षांची शिक्षिका मी. मी म्हटलं, "हुशार गं माझी सोन्याची माणसं," आणि चिवड्याचे पोहे भाजायला गेले.

मिस्साच्या संध्याकाळी हॉलमध्ये वीस माणसं. आसपासची ख्रिस्ती कुटुंबं, आणि वरच्या मजल्यावरच्या वहिनीही आल्या होत्या (योहान बरा झाला का बघायला). जेवणाचं टेबल पांढरी चादर घालून वेदी झालं. योहान त्याच्याकडे बघून अभिमानाने पुटपुटला, "ओ मेन्सा." मी त्याला चिमटा काढला. फादर आले, पांढरा झगा घातला आणि त्यांची नजर भिंतीवर गेली. आमची भिंत अजून जांभळी. उपवासकाळ.

"बाई," फादर हळूच म्हणाले, "पुनरुत्थान झालं. भिंतीला कळवलं नाही वाटतं?"

मी कार्डशीट काढायला धावले, ते निम्मं फाटून हातात आलं, निम्मं भिंतीवर राहिलं. तोवर सगळे उभे राहिले. फादरांनी हात पसरले, मुलांकडे बघितलं आणि स्वच्छ, घोटीव रोमन उच्चारात म्हणाले:

"दोमिनुस वोबिस्कुम."

आणि माझी दोन मुलं, छाती पुढे काढून, एका सुरात, खडकी स्टेशनपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाली:

"एत कुम स्पिरितुम्ही तुम्हीओ!"

मला वाटलं, तापात ऐकतेय. पण मागून काठी आपटत सासूबाईंचा खणखणीत आवाज आला, "स्पिरितुम्ही तुम्हीओ!" आणि मग जे व्हायला नको ते झालं. पाहुणे बिचारे भाविक. त्यांना वाटलं, हेच बरोबर असणार, घरी लॅटिन शिकवतात ना! अख्ख्या हॉलने एकमुखाने म्हटलं:

"एत कुम स्पिरितुम्ही तुम्हीओ!"

फादरांनी डोळे मिटले. खांदे हलत होते. बऱ्याच वेळाने त्यांनी रुमालाने तोंड पुसलं आणि पुढचा सगळा मिस्सा मराठीत, खाली बघून, शांतपणे पूर्ण केला. तेवढ्या वेळात मी मनातल्या मनात दोन गणवेश शिवून, इस्त्री करून, पोरांच्या अंगात घातलेसुद्धा.

चहा-चिवडा झाला. पाहुणे गेले. फादर खुर्चीत बसले, हे शेजारी, मुलं समोर, सासूबाई दिवाणावर. मी दाराशी, पळायला सोपं जावं म्हणून.

"योहान," फादर म्हणाले, "ते 'तुम्हीओ' काय होतं?"

"फादर, ते मुळात 'स्पिरितू तूओ' आहे."

"मग?"

"त्यात दोनदा 'तू' येतं. आजी म्हणाली, फादरांना तू म्हणायचं नाही. एकदासुद्धा नाही. म्हणून दोन्ही ठिकाणी तुम्ही केलं."

"मी सांगितलं होतं आजीला," मोनिका घाईने म्हणाली, "की हे लॅटिन आहे!"

"लॅटिन असलं म्हनून काय झालं?" सासूबाई कडाडल्या. "लॅटिनला आईबाप न्हाईत? रोज घोकताना आइकत हुते मी, तू तू, तू तू. कोंबड्या बोलावल्यावानी! म्हातारा मानूस दारी येतो, आशीर्वाद देतो, आन् पोरांनी त्याला तू करायचं?"

"पण आई," मी दारातून म्हटलं, "आपण देवालासुद्धा तू म्हणतो!"

"देवाला तू, आईला तू. फादरला तुम्ही. देव रागवत न्हाई, मान्सं रागवत्यात."

फादर म्हणाले, "दोन हजार वर्षं ही चूक कोणाच्या लक्षात आली नव्हती." आणि मोनिकाकडे वळले. "तुला काय वाटतं?"

मोनिका म्हणाली, "लॅटिनमध्ये आदरार्थी बहुवचन नव्हतं, फादर. राजालासुद्धा तू म्हणायचे. मराठीत आहे. म्हणून आजीचं मराठीत बरोबर आहे आणि लॅटिनमध्ये चूक आहे. हे मी आजीला पटवत होते, पण आजीने वादात मला हरवलं." (आधी व्याकरण, मग तर्क! मी दाराची चौकट घट्ट धरली.)

"योहान, टेबलाला हाक मार."

"ओ मेन्सा!"

"आणि टेबलाला हाक कधी मारतात?"

"बाबा मारतात, पायाचा अंगठा आपटला की. पण ते लॅटिनमध्ये नसतं."

हे चहाच्या कपात बघायला लागले. फादरांचे खांदे पुन्हा हलले. मग अचानक, अगदी अचानक, ते माझ्याकडे वळले.

"बाई, 'तूओ' कुठल्या विभक्तीत आहे?"

माझ्याकडे? परीक्षा मुलांची होती! चौदा वेळा रेकॉर्ड केलेला शब्द. तूओ... तुझ्या... तुझा, तुझी, तुझे... "षष्ठी!" मी ठोकून दिलं.

फादरांनी योहानकडे बघितलं.

"आई," योहान हळूच म्हणाला, मला लाज वाटू नये अशा बेताने, "ते विशेषण आहे. 'कुम'मुळे स्पिरितूला पंचमी, म्हणून तूओलापण पंचमी. हे तूच शिकवलंस. जुलैमध्ये."

"आंतोन," फादर उठत म्हणाले, "मुलांचं चाललंय. चालू दे. आजींनी मान शिकवावा, मोनिकाने वाद घालावा. आणि मोनिका, कुणी विचारलं तर सांग, सहावीत आहे. गणवेश हवा असेल तर रविवारच्या गायनवर्गाला ये, तिथे निळा आहे."

मोनिकाचा चेहरा असा उजळला, की वर्षभराची सगळी कार्डशीटं मला भंगार वाटली. (दुसऱ्या दिवशी ती दिलीसुद्धा. आता घरात एकच वेळापत्रक आहे: आज ज्याचं जे दुखतंय ते बघून ठरवायचं.) हे माझ्याकडे बघून चक्क हसले. मी जिंकले होते! मी दार सोडून पुढे आले आणि फादरांना म्हणाले, "मग त्या राखलेल्या दोन जागा सोडून द्या, फादर."

"एक सोडतो," फादर म्हणाले. "एक लागेल. शनिवारी चार वाजता, तिसरीच्या वर्गात. लॅटिन मी स्वतः घेईन. वही आणा."

"पण योहानला तर येतं!"

"मी योहानबद्दल बोलत नाहीये."

तर हल्ली दर शनिवारी चार वाजता मी तिसरीच्या बाकावर बसते. गुडघे बाकाखाली मावत नाहीत, ते चिकुनगुन्याचेच. गृहपाठाच्या वहीवर पालकांची सही लागते, ती सासूबाई करतात, आणि चौथी पासच्या टपोऱ्या अक्षरात खाली शेराही लिहितात. परवाचा शेरा फादरांनी वर्गात (वर्गात मी एकटीच असते) मोठ्याने वाचून दाखवला:

"सून गुणाची हाय. तोंड चालतं, लॅटिन चालत न्हाई. तरी तुम्ही तिला तू म्हना, माझी हरकत न्हाई."